मांजर पाळता येत नाही, म्हणून ते सोडून येऊ नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि त्यानंतर घरोघरी, चहाच्या टपरीवर आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांतून त्यावर पुष्कळ बोलले गेले. मांजरांविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण मांजरांचा प्रश्न आपण रात्रीच्या वेळी, पोत्याचे तोंड सुतळीने बांधून, कोणाला न सांगता मिटवून टाकतो. जिन्याखाली किंवा माळ्यावर मांजरी व्यायते, पिल्ले महिन्याभरात डोळ्यांसमोर हुंदडू लागतात, कोणाच्या तरी चपलेवर घाण होते, सोसायटीच्या बैठकीत आवाज चढतात, आणि मग एके दिवशी कोणीतरी ती सगळी रिक्षात घालून मासळी बाजारात, देवळाच्या आवारात, नदीपलीकडे किंवा गावाबाहेरच्या रानात सोडून येते. परत आल्यावर 'तिथे त्यांना खायला भरपूर आहे' असे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. या रूढ झालेल्या मार्गाविषयी आपल्या वाचकांशी चार शब्द बोलावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दारात आलेले प्रत्येक मांजर घरात घ्यावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब, घरात दम्याचा रुग्ण असलेले लोक, दिवसभर कुलूप लावून कामावर जाणारे नवरा-बायको, या सर्वांना मांजर पाळणे खरोखरच जमणारे नसते आणि त्यासाठी त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु मांजर पाळणे आणि त्याला दूर नेऊन सोडणे, एवढे दोनच मार्ग आपल्यापुढे आहेत ही समजूत चुकीची आहे, आणि या समजुतीपायी दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असंख्य जीव हकनाक मरतात.

सोडलेल्या मांजराचे पुढे काय होते, हे सोडणाऱ्याला दिसत नाही. मांजर हे जागेला धरून राहणारे जनावर आहे. कोणत्या गच्चीवर सकाळचे ऊन पडते, कोणत्या घरी माशाचे डोके मिळते, कोणत्या अंगणातला कुत्रा साखळीला असतो आणि कोणता मोकळा फिरतो, या माहितीवर त्याचे सगळे जगणे उभे असते, आणि नव्या जागी ती माहिती एका क्षणात निरुपयोगी ठरते. मासळी बाजारात खायला असते हे खरे, पण तिथे आधीच बोके आणि माद्या आपापल्या जागा राखून असतात आणि नवख्याला टोपलीजवळ फिरकू देत नाहीत. असे मांजर पहिले काही दिवस गटाराच्या झाकणाखाली किंवा फळकुटांच्या ढिगात लपून काढते, भुकेने बाहेर पडले की कुत्र्यांच्या तावडीत सापडते, किंवा घराच्या ओढीने निघते आणि महामार्ग ओलांडताना चिरडले जाते. घरात वाढलेले, लांब केसांचे पर्शियन मांजर सोडले असेल तर त्याची दशा आणखी वाईट होते. त्याच्या केसांच्या गाठी बनतात, त्या कातडीला ओढ देतात, त्यांखाली जखमा होतात, आणि शिकारीची सवय नसल्यामुळे ते माणसांच्या पायांत घोटाळत राहते. जी माणसे हौसेने पैसे मोजून असे मांजर आणतात आणि बदलीच्या वेळी रस्त्यावर सोडतात, त्यांच्याविषयी मला मनापासून राग येतो.

रानात सोडणे तर दुहेरी चूक आहे. तिथे कोल्हे, कुत्री आणि बिबटे आहेत, हा एक भाग झाला. मांजर त्यातून तगले तर ते पक्ष्यांच्या घरट्यांवर, खारींवर आणि सरड्यांवर जगते, आपल्याकडच्या रानमांजराशी त्याचा संकर होण्याची शक्यता असते, आणि त्याच्या अंगचे रोग रानातल्या जनावरांना लागू शकतात. आपल्या घरची अडचण अशा रीतीने जंगलाच्या गळ्यात मारण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

एवढे करून सोडणाऱ्याची अडचण तरी मिटते का? तीही मिटत नाही. ज्या कचराकुंडीमुळे, उघड्या राहिलेल्या उष्ट्यामुळे आणि जिन्याखालच्या आडोशामुळे पहिले मांजर आले, ते सगळे जागच्या जागी असते. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत थोड्याच दिवसांत दुसरे मांजर येते, आणि ते नसबंदी न झालेले असले तर काही महिन्यांत पुन्हा तोच जिना, तीच पिल्ले आणि तीच बैठक.

जुन्या लोकांमध्ये असा समज आहे की मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते. या समजाने अनेक मांजरांचे प्राण वाचवले असतील यात शंका नाही, पण हाताने मारले नाही म्हणजे आपल्याकडे दोष नाही, असा सोयीचा अर्थही त्यातून निघाला. कायदा तसे मानत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे वेदना होतील अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा अपराध आहे. त्याला पहिल्या वेळी असलेला दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि पन्नास रुपयांच्या धाकाने कोणी पोत्याची गाठ सोडणार नाही हे उघड आहे. विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे यांसाठी मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, ही गोष्ट 'औषध टाकून द्या' असे सोसायटीच्या बैठकीत सहज बोलून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेली बरी.

आता करायचे काय, याकडे वळते. नवे मांजर दिसले तर ते खरोखर बेवारस आहे का, हे आधी पाहावे. आपल्याकडे एकच मांजर तीन घरी जेवते आणि तिन्ही घरे त्याला आपलेच म्हणतात, ही गोष्ट खेड्यात तर सर्रास आढळते. आसपासच्या गल्ल्यांत विचारावे, दूधवाल्याला आणि वॉचमनला विचारावे, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकावा. माणसाळलेले, गुबगुबीत, उचलून घेऊ देणारे मांजर बहुधा हरवलेले तरी असते किंवा कोणी नुकतेच टाकलेले तरी.

पिल्ले सापडली तर लोक सर्वांत जास्त घाई करतात, आणि तीही दयेपोटी. मांजरी पोटासाठी काही तास बाहेर जाते, त्या वेळात कोणाच्या तरी दृष्टीस एकटी पिल्ले पडतात, 'आई टाकून गेली' असे ठरते आणि पिल्ले उचलली जातात. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात ते निरीक्षणातून आलेले आहे. धोका वाटला की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते, आणि अशा स्थलांतराच्या मध्येच आपण पोहोचलेलो असू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत रानमांजराची, वाघाटी या लहानशा रानटी मांजराची आणि कधी बिबट्याचीही पिल्ले सापडतात, तेव्हा वनखात्याचे लोक ती शक्य तोवर त्याच जागी परत ठेवून आईची वाट पाहतात, कारण आईला पर्याय नाही हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. घरगुती मांजरीच्या बाबतीतही हेच लागू आहे. पिल्ले स्वच्छ असतील, पोट भरलेले दिसत असेल आणि ती गप्प झोपलेली असतील तर आई येऊन जाते आहे असे समजावे. खात्री करायची असेल तर पिल्लांच्या भोवती, थोडे अंतर ठेवून, तांदळाच्या पिठाची पातळ रेघ टाकावी आणि लांब जावे. काही तासांनी पिठात पावले उमटलेली दिसली की काळजी नाही. पिल्ले अंगाने गार, मळकी आणि सतत ओरडणारी असतील तरच मध्ये पडण्याची वेळ आली आहे.

तेव्हाही घरातले गाईचे किंवा म्हशीचे दूध पाजू नये. ते पिल्लांना पचत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी एका दिवसात आटते. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, आणि ती पाजण्याआधी पिल्लू उबदार झालेले असले पाहिजे, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचवता येत नाही. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवली तरी पुरते. पाजताना तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते, म्हणून पिल्लू पोटावरच असू द्यावे. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपणहून लघवी किंवा शी करता येत नाही, तेव्हा प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट ओल्या कापसाने हलके पुसून ती करवावी लागते, जे काम एरवी आई जिभेने करते. दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी हे करणे ज्याला जमणार नाही, त्याने जमणारा माणूस लवकर शोधावा. माणसांच्या तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे बाधते. जिन्यात ओतलेले फिनेलही तसेच घातक आहे, कारण मांजर पाय चाटून स्वच्छ करते आणि ते पोटात जाते.

मोठ्या मांजराच्या बाबतीत मला एकच उपाय पटलेला आहे, आणि तो म्हणजे नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला त्याच्याच जागी परत सोडणे. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच, कधी त्याहूनही आधी, गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा, दर वेळी तीन-चार पिल्ले, असा हा हिशेब आहे, आणि त्यातली बरीचशी पिल्ले जगत नाहीत म्हणूनच आपल्याला तो जाणवत नाही. नसबंदीनंतर माद्यांचे माजावर येऊन रात्रभर ओरडणे थांबते, बोक्यांची भांडणे पुष्कळ कमी होतात, आणि दारावर, गाडीच्या चाकावर मुतून ठेवल्याचा तो उग्र दर्पही बराच ओसरतो. म्हणजे बैठकीत ज्या तक्रारी मांडल्या जातात, त्यांतल्या बहुतेकांवर हेच औषध आहे.

आमच्या वस्तीत काही शेजारी मिळून हे काम करतो, म्हणून त्यातला एक प्रसंग सांगते. एका करड्या मांजरीने सलग दोन वेळा आमच्या जिन्याखाली पिल्ले घातली होती आणि ती कोणालाही जवळ येऊ देत नसे. पिल्ले दोन महिन्यांची होऊन आपले आपण खाऊ लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग एका संध्याकाळी तिच्या रोजच्या वाटेवर झडपेचा पिंजरा ठेवला, जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरले आणि अगदी आतल्या टोकाला भाजलेला सुका बोंबील ठेवला. ती तीनदा पिंजऱ्याला वळसा घालून गेली, चौथ्यांदा मान आत घातली, पुढचे पाय आत आले, आणि पट्टीवर पाय पडताच दार खाली आले. त्यानंतर ती जाळीवर अशी आदळू लागली की पाहवेना. शेजारच्या काकूंनी ताबडतोब जाड चादर पिंजऱ्यावर टाकली आणि आत अंधार होताच ती गप्प झाली. ही चादरीची युक्ती पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, भुलीत असतानाच डाव्या कानाचे टोक किंचित कापले गेले, म्हणजे तिला पुन्हा कोणी पकडून विनाकारण पोट उघडू नये, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस तिला एका रिकाम्या न्हाणीघरात ठेवून मग जिन्यापाशीच सोडले. ती आजही तिथेच असते. दुसरे मांजर आले तर त्याला हुसकते.

या कामात चावण्याची किंवा ओरखडण्याची भीती असते, ती रास्त आहे. जखम झाली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवावे, कारण मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. हळद किंवा चुना लावून घरी बसू नये.

पिल्लांसाठी मात्र घर शोधणे योग्य आहे, आणि त्याला वेळ मर्यादित असतो. पहिल्या सात-आठ आठवड्यांत माणसाचा हात लागलेले पिल्लू माणसाळते, पुढे ते अवघड होत जाते. घर देताना संकोच सोडून प्रश्न विचारावेत. घरातल्या सर्वांची संमती आहे का, घरमालकाची परवानगी आहे का, वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना जाळी आहे का, आणि वेळ आली की नसबंदी करून घेणार का? मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून पिल्लू मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. दोन भावंडे एकत्र देता आली तर फार चांगले. प्राण्यांच्या आश्रमात नेऊन देणे हा अगदी शेवटचा मार्ग समजावा, कारण तिथे जागा अपुरी असते आणि गर्दीत मांजरांचा पार्वो पसरला तर लस न घेतलेली पिल्ले पटापट दगावतात. त्याचे विषाणू जागेवर अनेक महिने टिकून राहतात.

हे सर्व लिहिताना मला याची जाणीव आहे की नसबंदी करायची म्हटली तर ती करायची कोठे, हाच लहान गावांतला खरा प्रश्न आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांनी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने मांजरांच्या नसबंदीचे काम हाती घेतलेले आहे. मुंबईत परळला तर प्राण्यांचे धर्मादाय रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला यातले काहीच हाताशी नसते. खासगी दवाखान्यात मांजरीच्या शस्त्रक्रियेला काही हजार रुपये लागतात, आणि स्वतःचे नसलेल्या जनावरासाठी एवढा खर्च करा असे मी कोणाला सांगू शकत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, परंतु त्यांचा भर साहजिकच गाई-म्हशी आणि शेळ्यांवर असतो. २०२२ साली लम्पीच्या साथीत याच मंडळींनी गोठ्यागोठ्यांत जाऊन लसीकरण केले, हे आम्ही ग्रामीण भागातल्या लोकांनी पाहिले आहे, आणि त्यांच्यावर आणखी बोजा टाका असे सांगताना मला संकोच वाटतो. तरीही महिन्यातला एखादा ठरलेला दिवस तालुक्याच्या दवाखान्यात मांजरांच्या नसबंदीसाठी राखणे, नगरपालिकेने औषधे आणि धाग्याचा खर्च उचलणे, आणि अनामत रक्कम घेऊन दोन-तीन पिंजरे नागरिकांना वापरायला देणे, एवढे अशक्य नाही. कुत्र्यांसाठी अशी तरतूद करावी लागते, त्याच तरतुदीत मांजरांचा विचार झाला तर वेगळी यंत्रणा उभारण्याचेही कारण नाही.

याला आणखी एक जोड देता येईल. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा सराव हवाच असतो. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांची शिबिरे आळीपाळीने जवळच्या तालुक्यांत भरली, तर विद्यार्थ्यांनाही शिकता येईल आणि गावांचेही काम होईल. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे. ती आपल्या जिल्ह्यात कामाला लागलेली आहे का, तिच्या बैठका होतात का, हे पालकमंत्र्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा पाहावे आणि अशा शिबिरांचे संयोजन तिच्याकडे सोपवावे.

गृहनिर्माण सोसायट्यांनाही एक विनंती आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याविषयी स्पष्ट तरतूद आहे. ती वाचून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर असा एक कोपरा ठरवून द्यावा, खाऊ घालणाऱ्यांनी उरलेले अन्न लगेच उचलावे, आणि खाऊ घालण्याबरोबर नसबंदीची जबाबदारीही त्यांनी वाटून घ्यावी. नुसते खाऊ घालणे आणि नसबंदीकडे पाठ फिरवणे, यानेही मांजरांचे हाल वाढतातच, हे प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्या आपण सर्वांनी मान्य केले पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा बंद राहण्याच्या सूचना नियमित छापून येतात. त्याच पानावर जवळपास होणाऱ्या नसबंदी शिबिरांच्या तारखा, दवाखान्याचा पत्ता आणि आकारले जाणारे शुल्क यांसाठी महिन्यातून एकदा थोडी जागा द्यावी, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. ज्या वाचकांच्या गावात अशी सोय आधीच झाली असेल, त्यांनी ती कोणाच्या पुढाकाराने आणि किती खर्चात झाली हे याच सदरात कळवावे, म्हणजे आमच्यासारख्यांना आपापल्या नगरपालिकेकडे अर्ज करताना त्याचा दाखला देता येईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, रत्नागिरी जिल्हा